डोळ्यांदेखत

“गिळ गिळ गोळी, पळव दुखण्याची टोळी. हं, आता तोंड उघड. जीभ उचल.”

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर सुनेच्या कानात तो आवाज पंचवीस वर्षांनी पुन्हा घुमत होता. तेव्हा ती नऊ वर्षांची होती, क्षयाने काडी झालेली. एक आरोग्यसेविका दिवसाआड दारात यायची, गोळ्या तिच्या तळहातावर ठेवायची आणि घशाखाली उतरेपर्यंत जागची हलायची नाही. आठ महिन्यांत एक खाडा नाही. पोर जगली, वाढली, आणि पुढे त्याच बाईच्या मुलाशी तिचं लग्न झालं.

आज ती बाई, तिची सासू, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. मध्ये दोन माणसं मावतील एवढी जागा सोडून.

काचेपलीकडे नवरा धापा टाकत होता. नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा, आणि प्रत्येक श्वासाला गळ्याखालची खळगी आत ओढली जात होती.

सात महिन्यांपूर्वी त्याला मूत्रपिंड बसवलं. आईचंच. परकं म्हणून अंगाने ते झिडकारू नये, यासाठी औषधं देऊन त्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम लुळी केलेली. राखणदार झोपवला की चोरांचं फावतं, हे डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

“धडधाकट माणसाचं काही वाकडं न करणारी एक बुरशी असते, ती अशांच्या फुप्फुसात घर करते. तिला बाहेर ठेवायला ही सल्फाची गोळी, एक दिवसाआड. काहींना ती सोसत नाही, अंगावर उठतं. तसं असेल तर आधी सांगा, दुसरी औषधं आहेत. घरात कुणाला कधी त्रास झालाय?”

“नाही,” सासू म्हणाली होती.

तेव्हापासून औषधं सासूच्या ताब्यात. दुकानातून आणायची ती, पट्टीतून सोडवून वारांच्या डबीत भरायची ती, मुलाच्या तळहातावर ठेवायची तीच. चाळिशीला टेकलेला मुलगा निमूट जीभ उचलून दाखवायचा.

“आई, मी काय गोळी घेऊन पळून चाललोय?”

“तीस वर्षं लोकांच्या गालफडातून गोळ्या शोधून काढल्यात मी. मला शिकवू नकोस.”

सून हसायची. “आई, जरा स्वतःकडेही बघा. कॅल्शियमच्या डब्या संपतायत आणि तुमचे गुडघे वाजतायत ते वाजतायतच.”

याहून जास्त बोलायची कुणाची प्राज्ञा नव्हती. मुलगा तीन वर्षांचा असताना सासरे गेले. कसल्याशा तापाने, अंगभर फोड येऊन, एवढंच घरात ठाऊक. मग या बाईने एकटीने पोर वाढवलं आणि वेळ आली तेव्हा स्वतःच्या पोटातलं काढून दिलं. अशा माणसावर कोण नजर ठेवणार?

पंधरा दिवसांपूर्वी नवऱ्याला कोरडा खोकला लागला. जिन्याच्या चार पायऱ्यांत दम लागायला लागला. त्याच संध्याकाळी सासूने सुनेचं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेऊन टाकलं.

“माझ्यामुळे झालंय?” सुनेने विचारलं.

“तुझ्या छातीत जुनं दुखणं आहे. राखेखाली निखारा असतो, बाई. मी काही म्हणत नाही.”

काही न म्हणता तिने सगळं म्हटलं होतं.

सुनेने उंबरा ओलांडायचं सोडलं. ताट दारात ठेवायची आणि पदराने तोंड झाकून तिथूनच विचारपूस करायची.

“अगं, आत ये की,” तो दमत दमत म्हणायचा. “दारात उभी राहून कुणाचा पहारा करतेस?”

ती गेली नाही. रुग्णालयात आणेपर्यंत तिने त्याचा हातसुद्धा धरला नाही.

दार उघडून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. हातात तपासणीचे कागद होते.

“क्षय नाही,” त्या म्हणाल्या. “तुमचीही छाती स्वच्छ आहे. तुमच्याकडून त्यांना काही गेलेलं नाही. ही तीच बुरशी आहे.”

सुनेच्या छातीवरचा धोंडा उतरला. नवरा आत तडफडतोय आणि आपल्याला हलकं वाटतंय, याची तिला लगेच लाजही वाटली.

“पण मला एक कळत नाही. गोळी नेमाने घेणाऱ्याला ही सहसा होत नाही. मध्ये खाडा पडला होता का?”

“एकही नाही,” सून म्हणाली. “आईंनी डोळ्यांदेखत दिलीय प्रत्येक गोळी. मी स्वतः त्यांच्याच हातच्या गोळ्यांवर जगलेय.”

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. “मग निदान एक बरं. सात महिने सोसलंय म्हणजे औषधाचं भय नाही. आता तेच शिरेतून देऊ, कितीतरी पटींनी जास्त. वेळ घालवायला नको.”

परिचारिका बाटली घेऊन निघाली. सून सरकत सरकत सासूजवळ गेली आणि तिने सासूचा हात हातात घेतला.

“ऐकलंत ना, आई? आता उतार पडेल.”

सासूने हात सोडवून घेतला. ती उठली, दाराशी गेली आणि परिचारिकेचं मनगट घट्ट धरलं.

“थांब, पोरी. हे नको लावूस. त्याच्या पोटात त्यातली एकही गोळी गेलेली नाही. मी त्याला माझं कॅल्शियम देत होते.”

सासू सुनेकडे वळली, पण तिची नजर वर येईना.

“त्याचे वडील तापाने गेले नाहीत,” ती म्हणाली. “हेच औषध मी त्यांना माझ्या हाताने दिलं होतं.”