वाट पाहणारी कमिटी

"मुलांना थंडीची सवय लागलीच पाहिजे," पेल्हॅमसाहेब म्हणाले आणि आपली खुर्ची हीटरजवळ सरकवून बसले.

फेब्रुवारी १९७२. खाणकामगारांचा संप चाललेला, वीज पाळीपाळीने जायची. लंडनच्या एका उपनगरातल्या कौन्सिलची शिक्षण कमिटी ओव्हरकोट घालून सुधारणा करायला बसली होती. सुधारणा एकच: नर्सरीचा वर्ग बंद करायचा. म्हणजे कोळसा वाचेल, टीचरचा पगार वाचेल, आणि बहुधा देशही वाचेल. लहान मुलं घरीच जास्त शिकतात, असा शोध एका बाईंनी लावला. त्यांची स्वतःची तिघं बोर्डिंगात वाढली, ते सोडा!

पालकांची प्रतिनिधी म्हणून सुप्रभा चौबळ टेबलाच्या टोकाला बसली होती. तिची चार वर्षांची अलका त्याच वर्गात जायची. वर्ग बंद म्हणजे सुप्रभाची हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी बंद. एमएस्सी होऊन तीन वर्षं तिने घरी बटाटे सोलले होते; आत्ता कुठे मायक्रोस्कोपला हात लागला होता. तिने हे सगळं पोटतिडकीने सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. इथली मंडळी इतक्या प्रेमाने मान डोलावतात तेव्हा त्यांचं आधीच ठरलेलं असतं, हे तिला एव्हाना कळलं होतं.

पाच जण एकीकडे, ती एकटी दुसरीकडे. मतदान उरकलं की संपलं. पण त्याआधी पेल्हॅमसाहेबांना काटकसरीवर चार शब्द बोलायचे होते, आणि ते चार शब्द काही संपेनात. घरी नवऱ्याची, माधवची, ड्यूटीवर निघायची वेळ झाली होती. अलकाजवळ कुणीतरी हवं. हरायचंच आहे तर इथे कुडकुडत कशाला बसा, असं मनाशी म्हणत सुप्रभा चडफडत उठली. पण रागातही वळण सुटतं थोडंच? निघताना 'जाते' म्हणू नये, अभद्र असतं, हे आईने लहानपणापासून बजावलेलं. दारातून वळून ती म्हणाली, "आय ॲम कमिंग, हं." साहेबांनी बोलता बोलता अदबीने मान लववली.

घरी पोचली, माधव निघाला, आणि ती कोट काढते तोच फोन वाजला.

"मिसेस चौबळ, आहात कुठे?" पेल्हॅमसाहेब होते. "येते म्हणालात ना? आम्ही सगळे तुमची वाट बघत बसलोय!"

सुप्रभा गोंधळली. "माझ्यावाचून काय अडलंय तुमचं?"

"कोरम! सहा जण लागतात, आम्ही पाचच आहोत. आठला इथली वीज जाणार, आणि अंधारात सभा चालवायची नाही हा ठराव आम्हीच केलाय. उद्या बजेट छापायला जातं. आज मतदान झालं नाही तर तो वर्ग आणखी वर्षभर आमच्या गळ्यात!" साहेबांचा आवाज अगदी रडवेला झाला होता. "किती वेळात पोचताय?"

सुप्रभाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याला कौन्सिलच्या विजेची गरज नव्हती.

"आलेच," ती गोड आवाजात म्हणाली. मग रिसीव्हर ठेवला, कोट खुंटीला अडकवला आणि गॅसवर चहाचं आधण ठेवलं.