डावी बाजू

विश्रामबागेतल्या बोलिंगच्या लाकडी लेनला तिथली देखभाल करणाऱ्या कल्लाप्पाने सकाळी ताजे तेल दिले होते, आणि तेव्हापासून तिथे एकटा आर्जवच खेळत होता. चेंडू ज्या वाटेने पुनःपुन्हा जातो तिथले तेल झिजते, लाकूड चेंडूला पकडते आणि तो वेळेआधीच वळतो. म्हणून आर्जव कधी रेषा बदलून पाही, कधी वेग वाढवी, कधी मनगटाची फिरकी कमी करी. लेनच्या टोकाला उभ्या दहा पिना काही केल्या पडेनात. थोरली बहीण प्राची गेल्या श्रावणात वारल्यापासून हे असेच चालले होते, आणि संध्याकाळच्या संघनिवडीच्या सामन्यात हरलो तर खेळ कायमचा सोडायचा, असे त्याने ठरवून टाकले होते.

"अक्का असती तर तुझ्याआधी येऊन सराव उरकला असता तिनं," कल्लाप्पाने टोमणा मारला. "उजवीकडचं तेल तूच खाल्लंस की रं! आता डावीकडनं सोड. अक्काबिगर डावखुरं कोण हुतं हितं? तिकडचं तेल जसंच्या तसं हाय."

आर्जवने डावीकडे सरकून चेंडू सोडला. ताज्या तेलावरून तो सरळ घसरत जायला हवा होता. पण अर्ध्या वाटेतच वळून तो कडेच्या खाचेत पडला. आर्जव गुडघ्यांवर बसला आणि त्याने लेनवर तळवा टेकवला.

प्राची नेहमी धरायची नेमक्या त्याच रेषेवर लाकूड कोरडे ठणठणीत होते, आणि अजून कोमट होते.