सूतभर

पाचवी काच सूतभर तोकडी पडली.

आकारामने ती पुन्हा जिन्याखालच्या भिंतीतल्या भेगेवर धरून पाहिली. टोकं भेगेच्या दोन्ही बाजूंच्या प्लॅस्टरच्या ठिपक्यांवर पोचेनात. चाळीस वर्षं फोटोच्या फ्रेमांना काच कापणारा हात, आणि ऐन वेळी चुकला. वय झालं, दुसरं काय! त्याने सूतभर लांब पट्टी कापली. तसलीच एक जादा कापून खिशात टाकली. पट्टी भेगेवर आडवी चिकटवली आणि तिच्यावर मार्करने इंजिनिअर मॅडमची सही ठोकली. तारीखही त्यांच्याच वळणाची.

आज साठावा दिवस. मॅडम दहाला येणार.

पहिली काच.

ती श्रद्धा मॅडमनी स्वतः लावली होती, त्याच्याच दुकानातून कापून घेऊन, वर सही-तारीख टाकून. "भिंत हलली तर काच तडकेल, काका. काच खोटं बोलत नाही." साठ दिवस टिकली तर पुढची दगडी बिल्डिंग राहील, बारा मजले मागच्या परसात उभे राहतील. तडकली तर पुढचीही पाडायची. हे सगळ्यांनाच कबूल होतं. खाली आकारामचं दुकान, वर त्याचं धरून चार बिऱ्हाडं. गावी उंब्रजला आता ना घर, ना रान. बिल्डिंग गेली तर जायचं कुठं?

अकराव्या दिवशी जिन्याखाली दोन तुकडे.

आदल्याच दिवशी चहाच्या गाड्यावर बिल्डर वीरधवल हसत म्हणाला होता, "काच हाय ती, तात्या. फुटायचीच की कवातरी." आणखी पुरावा कशाला हवा? सदुसष्टच्या भूकंपात जिचा एक चिरा निखळला नाही, ती बिल्डिंग आता हलेल?

दुसरी काच. सही. तीही फुटली.

तिसरी. या वेळी जिन्याच्या दाराला कुलूप. कुलूप जागच्या जागी, काच फुटलेली.

"किल्ली पाडून घेतली आसंल मेल्यानं," त्याची बायको शालूबाई म्हणाली. "आवं, नवं कुलूप घाला."

चौथी. नवं कुलूप. आकाराम दिवसभर जिन्यात स्टूल टाकून बसायचा. मागे पाया खोदणारं पोकलेन घुमत राही, तसं त्याचं डोकं घुमे. आज सकाळी आंघोळीला वर गेला, तेवढ्यात ती गेली.

दहा वाजले. मॅडम वाकल्या. मोबाईलच्या उजेडात काच पाहिली, सही पाहिली.

"शाबूत आहे," मॅडम म्हणाल्या आणि वीरधवलकडे वळल्या. "पुढची बिल्डिंग राहणार."

"मग माझं कुठं काय म्हननं हाय?" वीरधवलने पिशवीतून एक गुळगुळीत कागद काढला. पुढे दगडी कमान, तिच्यामागे बारा मजले. "ही कमान बघूनच तर गिऱ्हाईक खुळं होतंय. ही पडली आसती तर हे समदं छापलेलं वाया. तात्या, तुमी लय जपलीसा बगा हिला!"

आकाराम कागदाकडे बघतच राहिला.

कुणीतरी शिट्टी मारली. शालूबाईने कंदी पेढ्यांचा पुडा उघडला. चार बिऱ्हाडांची पोरंबाळं, मॅडम, वीरधवल, सगळे जिना चढून गॅलरीत गेले. पोकलेनवालाही मशीन बंद करून पेढा खायला वर आला. आकारामने सवयीने दाराला आतून कडी घातली आणि जिन्याखाली येऊन उभा राहिला.

तो एकटाच होता. हातभर अंतरावर काच.

टक्.

दोन तुकडे फरशीवर.

"आवं, या की वर!" शालूबाईची हाक आली. "समदी तुमच्यासाठी थांबल्यात!"

त्याने खिशातली जादा काच काढली. भेगेवर धरली. हात जराही थरथरला नाही.

काच सूतभर तोकडी होती.