एकही तक्रार नाही

ओरेस्टने दुकानाच्या काउंटरवर प्लॅस्टिकची पिशवी ठेवली आणि पलीकडे बसलेल्या जोसेलिनच्या पुढ्यात सरकवली. आत पाच वर्षांपूर्वी घेतलेल्या वॉशिंग मशीनची पावती होती, आणि सोबत घेतलेल्या वाढीव वॉरंटीचा कागद. त्यातल्या एका ओळीखाली त्याने लाल रेघ मारली होती. पाच वर्षांत एकही तक्रार आली नाही, तर वॉरंटीचे पूर्ण पैसे परत, याच दुकानात खर्च करायला.

"एकही नाही," तो म्हणाला. "साधा फोनसुद्धा नाही. बघ तुझ्या कॉम्प्युटरमध्ये."

त्याची बायको डोरीन शेजारी उभी होती. कॅनडातल्या योर्कटनमध्ये त्या दुपारी उणे एकतीस होतं, पण दुकानात चांगलं उबदार होतं. तरी तिने हातमोजे काढले नव्हते.

मशीनने तिसऱ्याच वर्षी कपडे पिळणं सोडलं होतं. धुवायचं, आणि कपडे पाण्यात तसेच ठेवून गप्प बसायचं. डोरीन तेव्हा दुकानाला फोन लावत होती. ओरेस्टने फोन तिच्या हातातून काढून घेतला. एक फोन केला की वॉरंटीचे एकशे नव्वद डॉलर गेले, आणि धुतंय ना ते, मग झालं तर, असं त्याचं म्हणणं. तेव्हापासून ती तळघरात उभी राहून हाताने पिळत होती. चादरी, टॉवेल, त्याच्या जाड जीन्स. बरं, हा माणूस गरीब होता म्हणावं तर तेही नाही. त्याच्या गॅरेजमध्ये हीटर होता, कारण ट्रकला थंडी सोसत नाही. बचत त्याची आणि मनगटं तिची. यंदा नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिने कडा चिमटून बंद केलेल्या वारेनिकी, म्हणजे सणाच्या त्या बटाटा भरलेल्या करंज्या, उकळत्या पाण्यात उघडल्या, आणि आतला बटाटा भांडंभर पसरला. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ओरेस्ट म्हणाला, पीठ वाईट निघालं.

जोसेलिनने कागद दोनदा वाचला. मग तिने सांगितलं की मिस्टर मेल्निचुक एक दिवस लवकर आले आहेत. वॉरंटी आज संध्याकाळी सहाला संपते, पैसे उद्यापासून मिळतील. ओरेस्टने घरी वर्षाला तीनशे पासष्ट धरून पाच वर्षांचे दिवस मोजले होते, पण मध्ये आलेल्या लीप वर्षाचा एक दिवस धरायचा राहून गेला होता. त्याला त्याचं काही वाटलं नाही. आलोच आहोत तर टीव्ही बघून ठेवू म्हणत तो भिंतीकडे वळला. तिथे पंचावन्न इंचांवर कर्लिंगचा सामना चालू होता.

आज सहाच्या आत मशीन बिघडलं तर आमचा माणूस अजूनही फुकट येईल हं, असं जोसेलिन आपली गमतीने म्हणाली.

"आजही?" डोरीनने विचारलं.

"आजही."

"मग लिही. मशीन कपडे पिळत नाही."

ओरेस्ट टीव्हीसमोरून परत आला. थट्टा करतेय ती, असं म्हणून आधी हसला. मग त्याने तिचा चेहरा पाहिला.

"डोरीन, एक दिवस राहिलाय गं. एकच दिवस."

तो चक्क गयावया करत होता. एवढ्या वर्षांत त्याने तिच्यापुढे कशासाठी गयावया केली असेल तर ती या एकशे नव्वद डॉलरसाठी. जोसेलिनने डोरीनला स्पष्ट सांगितलं की तक्रार नोंदली की उद्याचे पैसे गेले. वॉरंटी डोरीनच्या नावावर होती, तेव्हा बोलायचं तिनेच. डोरीनने मान डोलावली. जोसेलिनने टाइप केलं.

"कधीपासून पिळत नाही?"

"कालपासून," ओरेस्ट लगेच म्हणाला. पैसे हातचे गेलेच आहेत, तर निदान दुरुस्ती तरी फुकट होऊ दे, हे त्याला तेवढ्यात सुचलं होतं.

जोसेलिनची बोटं थांबली. नियमाप्रमाणे बिघाड तीस दिवसांच्या आत कळवावा लागतो, असं ती म्हणाली. मग तिने डोरीनकडे पाहिलं. जोसेलिन मनाने चांगली होती.

"कालपासूनच लिहू ना?" तिने हळूच विचारलं.

नुसतं हो म्हणायचं होतं. दोन दिवसांत माणूस आला असता, मशीन पिळायला लागलं असतं. आणि तळघरातले ते सगळे तास कधी झालेच नाहीत, असं कागदावर कायमचं ठरलं असतं. ते मात्र डोरीनला सहन होण्यासारखं नव्हतं.

"तीन हिवाळे," ती म्हणाली.

"मिसेस मेल्निचुक, असं लिहिलं तर माणूसही येणार नाही आणि पैसेही नाहीत."

"लिहिलेलं राहील ना पण?"

"राहील."

"मग लिही."

वेड लागलंय हिला, ओरेस्ट म्हणाला. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. प्रिंटरमधून कागद निघाला, जोसेलिनने तो डोरीनपुढे ठेवला आणि सहीची जागा दाखवली. डोरीनने दाताने ओढून हातमोजे काढले. पेन बोटांत राहीना, म्हणून तिने ते मुठीत धरलं. डाव्या हाताने कागद दाबता येईना. तो दोनदा सरकला. मागे रांग लागली होती आणि रांगेतले लोक तिच्या हातांकडे बघत होते.

शेवटी ओरेस्टनेच पुढे होऊन कागदावर तळहात दाबला, आणि तिची सही पूर्ण होईपर्यंत तो तसाच धरून उभा राहिला.