दुसऱ्या ठोक्यानंतर

“सगळ्यांना मान्य?” लुराहने विचारलं.

“मान्य!” अख्खी चावडी एका सुरात म्हणाली.

लुराह म्हणजे गावचा मुखिया. त्याने लाकडी हातोडी उचलली. एक ठोका. दुसरा ठोका. तिसरा पडला की ठराव पक्का. पण हातोडी वरच थांबली. सवयच पडली होती त्याला. दुसऱ्या आणि तिसऱ्या ठोक्याच्या मधे, कित्येक वर्षं, मागच्या खांबाजवळून एक आवाज यायचा. “माझं जरा वेगळं मत आहे.”

तो म्हाताऱ्या कार्सोचा आवाज. विहीर असो, रस्ता असो, नाहीतर सणाची वर्गणी, म्हाताऱ्याचं आपलं वेगळंच! आमच्या जावा बेटावरच्या या गावात हात मोजून ठरवत नाहीत. सगळ्यांचं एकमत व्हावं लागतं. त्यामुळे एकटा कार्सो अडला की सभा अडायची, चहा गार व्हायचा आणि उकडलेल्या शेंगांचा फडशा पडायचा. लोक कपाळाला हात लावायचे.

आज खांबाजवळ कोणी नव्हतं. कार्सो पहाटे गेला होता. पांढऱ्या कापडात गुंडाळून त्याला घरी ठेवलं होतं, आणि सभा त्याच्याबद्दलच भरली होती.

कार्सोचा धर्म जुना, वाडवडिलांचा, डोंगराला आणि पाण्याला हात जोडणारा. तो ना मशिदीत जायचा, ना चर्चमध्ये. ओळखपत्रावर धर्माच्या जागी नुसती रेघ. अशा माणसाला गावच्या कबरस्तानात जागा द्यायची नाही, सागाच्या जंगलापलीकडे न्यायचं, असा ठराव होता. दिवस मावळायच्या आत माती द्यायची होती.

“माझं काही वैर नाही हो त्यांच्याशी,” कबरस्तान समितीचा दार्सोनो सुरुवातीलाच म्हणाला होता. “पण आज रेघवाल्याला घेतलं, तर उद्या कोणाकोणाला घेणार? आणि हाजीसाहेबांचा विरोध तर जगजाहीर आहे.”

“यांचे आईबाप त्याच कबरस्तानात आहेत,” दाराशी बसलेली कार्सोची बायको सुगियेम म्हणाली होती. “मला दुसरं काही नको.” तिच्याकडे कोणी बघितलं नव्हतं. माणसं वाईट नव्हती. दुसरा कोणीतरी बोलेल, असं प्रत्येकाला वाटत होतं.

हाजी मस्रुरी, मशिदीचे इमाम, पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. त्यांचं आणि कार्सोचं भांडण गावाला पाठ होतं. चावडीच्या भिंतीवर देशाच्या बोधचिन्हाचा गरुड आहे, त्याच्याखाली देशाचं पंचशील लिहिलंय. देश उभा राहिला तो याच पाच ओळींवर. दर सोमवारी शाळेत पोरं त्या घोकतात. पहिलीच ओळ देवाची.

“देव एक आहे, एवढंच लिहिलंय, हाजी,” कार्सो कॉफीच्या टपरीवर म्हणायचा. “तो कोणाच्या घरी राहतो, ते कुठं लिहिलंय?”

“अरे मेल्या, नरकात जाशील!”

“मग चल की सोबतीला. एकट्याला काय करमणार तिथं?”

लुराहने खांबाकडे एकदा पाहिलं. हातोडी खाली येणार, तेवढ्यात आवाज आला.

“माझं जरा वेगळं मत आहे.”

सगळ्या माना मागे वळल्या, खांबाकडे. मग पुढे आल्या. गुडघ्यावर हात टेकून हाजी मस्रुरी उठत होते.

“हाजीसाहेब, तुम्ही?” दार्सोनोचा शेंगदाणा घशातच अडकला.

हाजी लोकांकडे तोंड करून उभे राहिले, जनाजा उचलण्याआधी प्रत्येक मयताला उभे राहतात तसे. आणि त्याच आवाजात त्यांनी विचारलं, “आपला भाऊ कार्सो. कसा माणूस होता?”

“चांगला!” चावडी गरजली.

तोंडातून निघूनच गेलं. प्रत्येक मयताला इमाम तीनदा विचारतात आणि गाव तीनदा हेच सांगतं. कोंबडीचोर वार्नो मेला, तेव्हाही सांगितलं होतं. आत्ता दार्सोनोही ओरडला होता. त्याने जीभ चावली.

“कसा होता?”

“चांगला.” आवाज खाली आला होता.

“कसा होता?”

या वेळी एक सूर लागलाच नाही. कोणी म्हणालं, चांगला. कोणी म्हणालं, भांडखोर, पण मनाचा साफ. कोणी म्हणालं, पुरात माझी म्हैस त्यानेच ओढून काढली. सुगियेम पदर तोंडाला लावून रडत होती. लुराहने हातोडी बाजूला ठेवून दिली आणि म्हणाला, “फार डोकं खायचा हो. चांगला होता.”

“मग चांगल्या माणसाला जंगलात कशाला नेताय?” हाजींनी विचारलं.

“अहो, पण त्यांचं म्हणणं तुम्हाला कधी पटलं तरी का?” दार्सोनो काकुळतीला आला.

“आजही पटत नाही.” हाजींनी बाहीने डोळे पुसले. “कबरस्तानात चाफ्याखाली माझी जागा राखून ठेवली आहे ना, तिच्या शेजारी खणा. त्या पहिल्या ओळीचं आमचं अजून ठरायचंय.”