धनलक्ष्मीचा वायरलेस

हरेश पिकअपच्या डॅशबोर्डखाली डोकं घालून वायर ओढत होता. धाकट्या भावाच्या ‘धनलक्ष्मी’ बोटीवरचा वायरलेस त्याने कालच उतरवला होता. बोटी वर्सोव्याला लागण्याआधीच कुणाकडे किती मासळी आहे ते गाडीत कळावं म्हणून. “ने रे दादा, उद्या बोट काढत नाही,” भाऊ म्हणाला होता. बॅटरीची वायर आत आली, टपावरच्या अँटेनाची केबल दाराच्या रबराखालून घुसवली, बटण दाबलं. एका नाखव्याचा आवाज खरखरला, “धनलक्ष्मी, वारा फिरलाय, मागे वळ! अरे, ऐकतोयस ना?” हरेशने आज पहिल्यांदाच धक्क्याकडे पाहिलं. भावाची बोट जागेवर नव्हती. बोंबील वाळत घालणारी मावशी म्हणाली, “तो तर पहाटेच गेला, बाहेर पापलेट लागलंय म्हणून.” सेटवर एकेक नाखवा तीच हाक देत होता. भावाने ज्यावर उत्तर द्यायचं, तो माईक हरेशच्या मुठीत होता.