न आलेली गाडी

टेबलावरची जादा ताटली झेनोनासनं उचलली, स्वयंपाकघरात नेली आणि ओट्यावर आपटली. ती फुटली नाही, याचाही त्याला राग आला.

“ही कुणी मांडली?”

“मी,” त्याची बहीण मार्सेले म्हणाली. “प्रानाससाठी.”

झेनोनासची बायको आल्डोना हेरिंग माशांची थाळी हातात धरून तशीच उभी राहिली. मुलगी रिमा खिडकीतून आकाश बघत होती. नाताळच्या आदल्या संध्याकाळी पहिली चांदणी दिसल्याशिवाय जेवायला बसायचं नाही, हा नियम शिकागोतल्या या घरातही कधी मोडला नव्हता. दुसराही एक नियम होता. प्रानासचं नाव या घरात एकट्या झेनोनासनं काढायचं, आणि तेही शिवी देऊन.

मार्सेलेला ते ठाऊक नव्हतं. लिथुएनियाहून ती त्याच आठवड्यात आली होती. झेनोनास गाव सोडून गेला तेव्हा ती परकरी पोर होती. आता तिचे केस पांढरे झाले होते.

प्रानास या दोघांचा थोरला भाऊ. एकोणीसशे चव्वेचाळीसच्या शरद ऋतूत रशियन फौजा पूर्वेकडून सरकत होत्या आणि जर्मन शिपाई गावोगावची तरणी पोरं खंदक खणायला नेत होते. झेनोनास तेव्हा सतरा वर्षांचा. एका पहारेकऱ्यानं त्याच्या शेजारच्या म्हाताऱ्याला बंदुकीच्या दस्त्यानं मारलं, तेव्हा झेनोनासनं हातातलं फावडं पहारेकऱ्याच्या तोंडावर हाणलं आणि तो रानात पळाला. एका पडक्या गोठ्यात गवताखाली लपून राहिला. तिथं मार्सेले भाकरी घेऊन आली आणि निरोप सांगून गेली. उद्या संध्याकाळी प्रानास गाडी घेऊन गिरणीपाशी येईल, दोघं भाऊ मिळून सरहद्द ओलांडतील.

गाडी आली नाही. झेनोनास पावसात रात्रभर गिरणीच्या भिंतीला चिकटून उभा होता. सकाळी पळणाऱ्या लोकांच्या गाड्यांची रांग लागली, त्यातल्या एका अनोळखी बाईनं त्याला वर ओढून घेतलं. पुढे जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत काही वर्षं गेली, मग जहाज, मग शिकागोतला खाटीकखाना. बर्फात गोठलेली जनावरं खांद्यावर वाहताना त्याला एकच विचार ऊब द्यायचा. प्रानासला जमीन हवी होती. धाकटा परस्पर मेला की वाटणीच नको.

हा हिशोब त्यानं दारूच्या गुत्त्यात सांगितला, चर्चच्या सभागृहात सांगितला. रिमानं आपल्या मुलाचं नाव प्रानास ठेवलं, तेव्हा तो बारशाला गेला नाही. त्या नातवाला तो अजूनही ‘ए पोरा’ म्हणून हाक मारायचा. गावाकडून पहिलं पत्र आलं, तेव्हा त्यानं उलट कळवलं की प्रानासविषयी एक अक्षर लिहाल तर पुढचं पत्र चुलीत जाईल. तिकडून पुन्हा कुणी लिहिलं नाही. म्हणजे लाज आहे थोडी, असं तो आल्डोनाला म्हणाला होता.

आता मार्सेले ओट्याकडे गेली. तिनं ताटली पुसली आणि पुन्हा टेबलावर नेऊन ठेवली.

“आज भांडू नका,” आल्डोना हळूच म्हणाली. “आज सगळ्यांना क्षमा करायची असते.”

“आजच्या रात्री जादा ताटली मेलेल्यांसाठी मांडतात,” झेनोनास म्हणाला. “आईबापाची मांडली, तेवढी पुरे. की तोही मेला? कधी? बरं झालं. जमीन छातीवर घेऊन गेला असेल.”

मार्सेले मट्‌कन खुर्चीवर बसली.

“तुला माहीत नाही?”

“काय माहीत असायचं? भित्रा होता तो. मला कुत्र्यासारखा पावसात सोडून घरी शेकत बसला.”

“पंचेचाळीस वर्षं आम्ही समजत होतो की तुला कुणीतरी सांगितलंय,” मार्सेले म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “तू त्याचं नाव लिहायला बंदी केलीस, तेव्हा आई म्हणाली, पोराला सोसत नाही, त्याला दुखवू नका. म्हणून गप्प राहिलो आम्ही. आणि तू इथं बसून त्याला भित्रा म्हणतोस?”

“गाडी आली नाही. बाकी मला काही ऐकायचं नाही.”

“ऐकावं लागेल. गाडी जुंपून तयार होती. प्रानासनं तुझ्यासाठी बाबांचे बूट घेतले होते, मी पोत्यात बटाटे भरत होते. तेवढ्यात शिपाई अंगणात घुसले. जखमी तोंडाला पट्टी बांधलेला एक पहारेकरी होता त्यांच्यात, ओळख पटवायला आणलेला. पण त्याचे डोळेही सुजले होते, त्याला नीट दिसत नव्हतं. त्यांना एकच माणूस हवा होता. ‘तो मिळाला नाही, तर घर पेटवू आणि पुढं रान पिंजून काढू,’ म्हणाले. त्यांनी नाव पुकारलं. प्रानासनं घोड्याचा लगाम माझ्या हातात दिला आणि ‘मीच तो’ म्हणत पुढं झाला. आमच्यासमोरच गोळी घातली. आईला त्याचं नाव घेऊन रडायचीसुद्धा चोरी होती.”

झेनोनासचा चेहरा लालबुंद झाला. इतक्या वर्षांचा राग एकदम दुसरीकडे वळला आणि त्यानं टेबलावर मूठ मारली.

“हरामखोर! प्रानासला कशाला मारलं? त्यानं कुणाचं काय वाकडं केलं होतं? त्याचंच नाव का पुकारलं त्यांनी?”

“त्याचं नाव त्यांनी घेतलंच नव्हतं,” मार्सेले म्हणाली. “ते झेनोनासला शोधत आले होते.”